कडक इन्चार्जच्या आयसीयूतून कुणी का सोडून जात नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा तो ओळखीचा वाटला. तुम्ही मॅनेजर आहात ते इंदूरचं खाजगी रुग्णालय, १२० खाटा, नर्सिंग स्टाफ टिकत नाही, यंदा पगार वाढवले तरी टिकत नाही. मालक डॉक्टर म्हणाले, लीडरशिपचा एखादा कोर्स करून या. आणि तुम्हाला जाणून घ्यायचं आहे की मॅनेजरनं कडक असावं की मवाळ, कोणत्या पद्धतीनं माणसं समाधानानं काम करतात. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मधल्या एका ओळीवर थांबले. आयसीयूची इन्चार्ज सिस्टर फटकळ आहे, तिच्या तक्रारी तुमच्या टेबलावर येतात, पण दोन वर्षांत तिच्याकडून एकच मुलगी गेली, तीही लग्न होऊन. जनरल वॉर्डच्या इन्चार्जनं कधी आवाज चढवलेला नाही, सगळ्यांशी गोड आहे, आणि तिच्याकडून आठ महिन्यांत सहा जणी गेल्या. ‘हे उलटं कसं काय?’ असं तुम्ही जाता जाता विचारलंय. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न हाच आहे, आणि उत्तरही या दोन वॉर्डांतच आहे.

मी इंदुरातच ३१ वर्षं नर्सिंगमध्ये काढली. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून स्टाफ नर्स झाले, मग वॉर्ड इन्चार्ज, आणि शेवटची ११ वर्षं नर्सिंग सुपरिंटेंडंट. म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

कडक आणि मवाळ ही जोडीच फसवी आहे. १९३९ साली मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी लिपिट आणि व्हाइट या सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छंदमंडळं होती, मुलं मुखवटे वगैरे बनवायची, आणि मोठी माणसं त्यांना वेगवेगळ्या पद्धतींनी सांभाळायची. कुणी हुकूम सोडायचं, कुणी सगळ्यांना विचारून ठरवायचं. तिसरा प्रकार, म्हणजे सगळं मुलांवर टाकून आपण बाजूला बसायचं, हा सुरुवातीला योजलेलाच नव्हता. विचारून चालायला निघालेल्या एका नेत्याकडून प्रत्यक्षात काहीच ठरेना, तेव्हा त्या वागण्याला वेगळं नाव द्यावं लागलं. तुमची जनरल वॉर्डची इन्चार्ज मला त्या गोष्टीत दिसते. बाहेरून पाहणाऱ्याला ती सगळ्यांना सामावून घेणारी वाटते. तिच्या हाताखालच्या मुलींना मात्र गरजेच्या वेळी ती सापडत नाही.

पुढे १९७८ मध्ये जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी राजकीय नेत्यांचा विचार करताना दोन प्रकार सांगितले आणि १९८५ मध्ये बर्नार्ड बास यांनी ते कामाच्या ठिकाणी आणले. एक देवाणघेवाणीचं नेतृत्व: काम कर, मोबदला घे, चुकलास तर बोलणी खा. दुसरं परिवर्तन घडवणारं: स्वतःच्या वागण्यातून विश्वास कमावणं, कामाला अर्थ आहे हे दिसू देणं, प्रश्न विचारायला मोकळीक देणं आणि प्रत्येक माणसाकडे वेगळं माणूस म्हणून पाहणं. आणि या दोन्हींच्या खाली बास यांनी ठेवलं ते ‘लेसे-फेअर’, म्हणजे निर्णय टाळणारं, हात झटकणारं नेतृत्व. या सगळ्या मांडणीत आवाज किती चढतो याला फारसं स्थान नाही. माणूस जागेवर आहे की नाही, याला आहे.

परिचारिकांवरचे जगभरातले अभ्यास एकत्र करून कॅनडातल्या ग्रेटा कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये आढावा घेतला. दुसऱ्या खेपेला १२९ अभ्यास होते. कल दोन्ही वेळा एकच: माणसांकडे आणि नात्यांकडे लक्ष देणाऱ्या वरिष्ठांच्या हाताखाली समाधान जास्त, फक्त काम उरकण्याकडे लक्ष असणाऱ्यांच्या हाताखाली कमी. पण ‘नात्यांकडे लक्ष’ म्हणजे गोड बोलणं असा अर्थ तुम्ही काढू नये, म्हणून पुढचं सांगते.

वॉर्डातलं नातं कुठं घडतं? ड्युटीच्या यादीत. हे मी अगदी गंभीरपणे म्हणते आहे. नर्सच्या आयुष्यातला निम्मा भाग त्या एका कागदावर ठरतो: मुलाच्या शाळेची मीटिंग, सासूबाईंचा दवाखाना, भावाचं लग्न, झोप. तुमच्या जनरल वॉर्डात काय होत असणार ते मी न बघता सांगू शकते, कारण असे वॉर्ड मी खूप पाहिले. यादी रविवारी रात्री व्हॉट्सॲपवर येते आणि सोमवारची सकाळची ड्युटी त्यातच असते. मुलगी रजेचा अर्ज घेऊन जाते, इन्चार्ज म्हणते, ‘देखते हैं बेटा.’ हो नाही आणि नाहीही नाही. मुलगी घरी कळवते की येईन बहुतेक. मग यादी येते आणि त्या दिवशी तिला नाइट असते. ती विचारायला जाते, तर इन्चार्ज कळवळून म्हणते, ‘मी काय करू, वरून आलंय.’ तिचा कळवळा खरा असतो, पण त्यानं मुलीचा दिवस परत येत नाही. असं तीनदा झालं की चौथ्यांदा ती अर्ज देत नाही, राजीनामा देते. कारणाच्या रकान्यात लिहिते ‘पगार’, कारण ते लिहायला सोपं असतं आणि त्यात कुणाचं नाव येत नाही.

आपल्याकडे येणाऱ्या मुली कुठल्या, हेही लक्षात घ्या. धार, झाबुआ, बडवानी, खरगोनकडच्या पुष्कळ. होळीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्याकडे भगोरिया, म्हणजे आदिवासींचा जत्रेसारखा बाजार, असतो. तो बाजार त्यांना बोलावत असतो आणि घरचेही वाट बघत असतात. केरळच्या सिस्टरांना नाताळ आणि ओणम. आपल्या मराठी घरांत गौरी-गणपती. आणि इंदूरचं म्हणून खास असतं ते वेगळंच. रंगपंचमीला टोरी कॉर्नरकडून राजवाड्यापर्यंत गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, लाखो माणसं रस्त्यावर असतात, आणि दुपारी दोनची ड्युटी असलेली मुलगी त्या भागातून पलीकडे पोचूच शकत नाही. सकाळची ड्युटी करणारी मग अडकून पडते, संध्याकाळपर्यंत तीच. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर चालतात, तेव्हा नाइटचे हाल. हे सगळं दर वर्षी येतं. ज्या इन्चार्जला ते त्या सकाळी आठवतं, तिच्या वॉर्डात त्या दिवशी कुणीतरी एक मुलगी १४ तास उभी असते.

माझ्याकडे एक वही होती. साधी, आखीव, लांबट, बाजारात हिशेबाला मिळते तशी. डावीकडे प्रत्येकीचं नाव आणि पुढे सणांचे रकाने: लक्ष्मीपूजन, रंगपंचमी, राखी, ईद, नाताळ, भगोरिया, गौरी. कोण कुठल्या सणाला ड्युटीवर होती ते दोन वर्षांचं त्यात दिसायचं. वही टेबलावर उघडी असायची, कुणीही वाचावी. सुरुवातीला मुली माझ्यावर लक्ष ठेवण्यासाठी वाचायच्या. वर्षभरात असं झालं की यादी करायच्या आधीच दोघी-तिघी वहीवर वाकून आपसात ठरवायच्या, ‘तू पिछली दिवाली की थी, इस बार मैं करती हूँ, तू क्रिसमस पे मेरा देख लेना.’ मला नंतर फक्त सही करायची असायची. मी तेव्हा परिवर्तनशील नेतृत्व वगैरे शब्द ऐकलेही नव्हते. नकार मी बऱ्याचदा दिला, तोंडावर दिला, आणि त्यातली एकही मुलगी नकारामुळे सोडून गेली नाही. वहीत पाहिलं की नकाराचं कारण तिला दिसायचं.

तुमच्या आयसीयूच्या इन्चार्जकडे अशी काहीतरी वही आहे, कागदावर किंवा डोक्यात. जाऊन बघा. माझा अंदाज आहे की तिची यादी महिन्याच्या २५ तारखेच्या आत लागते, ती स्वतः पेशंट कुशीवर वळवायला हात लावते, आणि कन्सल्टंट तिच्या मुलीवर ओरडला तर मध्ये पडते. ती फटकळ आहे हे मुलींना खुपत असणार, म्हणून तक्रारी येतात. पण ती आपल्या बाजूनं आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून जात नाहीत. तक्रार आणि असमाधान या एकच गोष्टी नव्हेत. ज्या वॉर्डातून तक्रार येते तिथं निदान कुणाला तरी वाटतं की बोलून उपयोग आहे. जनरल वॉर्डातून किती तक्रारी आल्या? तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुधा एकही नाही.

तरीही तिच्या फटकळपणाला मी सूट देणार नाही, आणि त्याचं कारण माझ्या स्वतःच्या हातून घडलेली गोष्ट आहे. ती आजवर मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

मी तेव्हा एका खाजगी रुग्णालयात मेडिकल वॉर्डची इन्चार्ज होते. रात्री एक वाजता नाइटच्या मुलीचा फोन आला, पेशंट घामानं भिजलाय, उत्तर देत नाही. रक्तातली साखर ४६, म्हणजे फारच कमी. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, दिल्यावर तो शुद्धीवर आला आणि पुढे काही झालं नाही. काय घडलं होतं ते असं. इन्सुलिनच्या वायल, म्हणजे छोट्या बाटल्या, आपल्याकडे दोन ताकदींच्या येतात, मिलीत ४० युनिटची आणि मिलीत १०० युनिटची, आणि सिरिंजही दोन्हींच्या वेगळ्या, लाल टोपणाची आणि केशरी टोपणाची. त्या रात्री फार्मसीतून १०० ची वायल आली होती, ट्रेमध्ये सिरिंज ४० ची होती. मुलीनं १० च्या खुणेपर्यंत भरलं. त्या खुणेपर्यंत पाव मिली येतं, म्हणजे १०० च्या वायलमधून २५ युनिट. तिला २४ पेशंट होते आणि ती एकटी होती.

मी सकाळी पोचले ती तडक तिच्याकडे गेले. हँडओव्हर, म्हणजे एका शिफ्टनं दुसरीला वॉर्ड सोपवणं, चालू होता, सकाळच्या पाच जणी, दोन वॉर्डबॉय, एक मावशी, आणि पेशंटचे नातेवाईक दारात. मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुला आकडे वाचता येतात का?’ ती काही बोलली नाही. हातातला पेन टोपण लावायचा आणि काढायचा, असं करत राहिली. पुढच्या महिन्यात ती गेली.

त्यानंतर माझ्या वॉर्डात सात महिने एकही चूक नोंदली गेली नाही. चुकांचं रजिस्टर कोरं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. मग एकदा कपाट आवरताना औषधांच्या पट्ट्यांचा हिशेब लागेना, तेव्हा एका जुन्या मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘सिस्टर, चुका होतात, पण मुली तुम्हाला सांगत नाहीत. आपसात निस्तरतात.’ त्या क्षणी माझ्या पायाखालची जमीन सरकली. सात महिने मी डोळ्यांवर पट्टी बांधून वॉर्ड चालवत होते, आणि पेशंट केवळ मुलींच्या आपसातल्या सांभाळून घेण्यावर सुरक्षित होते.

पुष्कळ नंतर मला कळलं की अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये औषधांच्या चुकांवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हेच निघालं होतं. चांगल्या नेतृत्वाच्या युनिटांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती, आकडे उलट आले. तिथं नोंदवलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथं माणसं बोलत होती. पुढे १९९९ मध्ये त्यांनी हे मानसिक सुरक्षितता या नावाखाली मांडलं. आपण चूक सांगितली तर आपला कचरा होणार नाही, हा भरवसा. नोकरीतल्या समाधानाचा हा भाग सर्वेक्षणात ‘वरिष्ठांशी संबंध’ अशा कोरड्या शब्दांत येतो. प्रत्यक्षात तो चूक झाल्यानंतरच्या पहिल्या वाक्यात असतो. नंतरच्या वर्षांत मी ते वाक्य ठरवून टाकलं होतं: ‘पेशंट कसा आहे, आणि तुझ्या हातात काय काय होतं ते मला दाखव.’ हातात काय होतं हे दाखवलं की वायल आणि सिरिंज समोर येतात. आम्ही वॉर्डातून एका ताकदीच्या वायल आणि सिरिंज दोन्ही काढूनच टाकल्या. ती मुलगी असताना हे केलं असतं, तर ती टिकली असती असं मला अजून वाटतं.

म्हणजे हुकूम कधी सोडायचाच नाही का? सोडायचा. कार्डिॲक अरेस्टला, म्हणजे पेशंटचं हृदय थांबलं की, कुणाचं मत विचारत बसायचं नसतं. एकानं म्हणायचं, तू छातीवर, तू श्वासाच्या बॅगवर, तू वेळ बघ, आणि बाकीच्यांनी करायचं. मार्च २०२० नंतर इंदूर देशातल्या सगळ्यात जास्त झळ बसलेल्या शहरांत होतं, आणि त्या दिवसांत पीपीई काढताना मी मुलींना एकेक पायरी ओरडून सांगितली आहे. कुणालाही ते लागलं नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक हर्सी आणि ब्लँचर्ड १९६९ पासून सांगत आले की पद्धत प्रसंगाप्रमाणे आणि समोरच्याच्या तयारीप्रमाणे बदलावी लागते. नवीन मुलीला पायरी-पायरीनं सांगावं लागतं, जुनीला नुसतं विचारावं लागतं. फक्त प्रसंग संपल्यावर आवाज खाली आला पाहिजे. अरेस्टनंतर पाच मिनिटं सगळ्यांना चहा देऊन बसवायचं आणि काय बरं गेलं, काय नाही, ते बोलायचं. पेशंट गेला असेल तर जास्तच. हे ज्या वॉर्डांत होतं तिथल्या मुली घरी जाऊन झोपू शकतात.

आता पगाराचं. तुम्ही पगार वाढवलात हे चांगलंच केलं, त्याचा पश्चात्ताप करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्र सरकारनं नेमलेल्या समितीनं खाजगी रुग्णालयांसाठी शिफारस केली होती की २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सइतका पगार, १०० ते २०० मध्ये फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० मध्ये फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या खाली असेल तरी किमान २० हजार. तुमच्या १२० खाटा दुसऱ्या गटात येतात. आधी तिथं आहात का ते बघा. मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्गच्या सुमारे २०० इंजिनिअर आणि हिशेबनिसांशी बोलून मांडलं होतं की पगार, नियम, कामाची परिस्थिती बिघडली तर माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या म्हणून तो खूश होत नाही. खुशी येते ती काम फत्ते झाल्यातून, कुणी दखल घेतल्यातून, जबाबदारी मिळाल्यातून. त्यांच्या सिद्धांतावर पुढे टीका पुष्कळ झाली. पण पगार वाढवूनही माणसं का जातात, या तुमच्या कोड्याचा एक धागा त्यात आहे. आणि काही जाणं हे नाराजीचं नसतंच. एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सभरतीची परीक्षा, निघाली, सरकारी जागा निघाल्या, तर मुली जाणारच. त्यांना पेढे देऊन निरोप द्या. अशांना वेगळं मोजा.

माणसं पुरेशी नसतील तर कुठल्याही पद्धतीचा उपयोग होत नाही, हे मालक डॉक्टरांना तुम्हीच सांगायला हवं. लिंडा एकन यांचा पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा २००२ चा अभ्यास आहे: नर्सवर एक पेशंट वाढला की बर्नआउटची, म्हणजे कामानं पार थकून जाण्याची, शक्यता २३ टक्क्यांनी आणि असमाधानाची १५ टक्क्यांनी वाढते, आणि शस्त्रक्रियेच्या पेशंटच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी. डॉक्टरांना शेवटचा आकडा आधी सांगा. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे. माझी ती मुलगी २४ पेशंटना एकटी होती. तिथं तिच्या आकडे वाचण्याची परीक्षा घेणारी मी, आधी माणूस मागायला वर गेले नव्हते.

इन्चार्जवरही हेच लागू होतं. कॅनडात डायन डोरन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की एका मॅनेजरच्या हाताखाली माणसं फार झाली की चांगल्या नेतृत्वाचाही समाधानावरचा परिणाम ओसरतो. साठ जणींची नावं, घरं, अडचणी एक बाई लक्षात ठेवू शकत नाही. तुमच्या जनरल वॉर्डात किती खाटा एका इन्चार्जकडे आहेत आणि आयसीयूत किती, हे मोजून बघा. गोड बाई निर्णय टाळते, यात तिच्या स्वभावाचा भाग किती आणि तिच्यावर टाकलेल्या ओझ्याचा किती, हे मोजल्याशिवाय तिला दोष देऊ नका.

सर्वेक्षणाबद्दल तुम्ही विचारलंय. पॉल स्पेक्टर यांची १९८५ ची प्रश्नावली चालेल, ३६ विधानं, नऊ अंगं: पगार, बढती, वरिष्ठ, सवलती, कामाची दखल, कामाचे नियम, सहकारी, कामाचं स्वरूप, संवाद. हिंदीत नीट करून घ्या, आणि एकूण गुणांपेक्षा वरिष्ठ, दखल आणि संवाद हे तीन वॉर्डवार पाहा. पगाराचे गुण सगळीकडे कमीच येतील. नाव लिहू नका म्हणालात आणि खाली वय, अनुभव, शिफ्ट विचारलीत, तर नऊ जणींच्या वॉर्डात कोण कोण ते लगेच कळतं. मुलींना हे माहीत असतं आणि त्या सगळीकडे मधलं उत्तर देतात. आणि एक सावधगिरी. असे बहुतेक अभ्यास एकाच वेळी, एकाच माणसाकडून भरून घेतलेल्या कागदावर उभे असतात. साहेब चांगला म्हणून माणूस खूश, की माणूस खूश म्हणून साहेब चांगला वाटतो, हे त्यातून सुटत नाही. म्हणून कागदाबरोबर यादी किती तारखेला लागली, रजेच्या अर्जाला किती दिवसांत उत्तर मिळालं, संध्याकाळची ड्युटी रात्री आठला संपते तर मुलगी खरोखर गेटबाहेर किती वाजता पडते, हेही लिहून ठेवा. शेवटचं आठवडाभर गेटवर उभं राहून बघा. पावणेनऊला सिटी बससाठी एकटी उभी असलेली मुलगी तुमच्या प्रश्नावलीत कुठंच दिसणार नाही.

वॉर्डबॉय, आया, सफाईच्या मावशी यांना सर्वेक्षणात घेता का? बहुतेक ठेकेदाराची माणसं म्हणून सोडून देतात. त्यांचा वरिष्ठ कोण, हेच त्यांना माहीत नसतं. ठेकेदार महिन्यातून एकदा येतो. मला वॉर्डाचं खरं मावशींनी सांगितलं, हे विसरू नका. त्यांना नावानं हाक मारणारा मॅनेजर हवा, आणि त्यांचं साप्ताहिक ऑफ तुमच्या यादीत हवं.

आता त्या दोघी. आयसीयूच्या इन्चार्जला हलवू नका, आणि ट्रेनिंगलाही पाठवू नका. तिला तिच्या खोलीत भेटा, एकटीला, एक ठरावीक प्रसंग घेऊन: अमुक तारखेला हँडओव्हरमध्ये तुम्ही अमुक म्हणालात, त्या मुलीला ते कसं लागलं. तिनं चांगलं काय केलंय तेही तारखेसकट सांगा. अशा बाईला ‘तुमचा टोन बदला’ म्हटलं की ती चिडते. प्रसंग दाखवला की तिला तो आठवतो, आणि बहुतेक वेळा रात्री झोप लागत नाही. मालक डॉक्टर राउंडला नर्सना तोडून बोलत असतील तर ते आधी थांबवा, नाहीतर तिला काही सांगायचा तुम्हाला अधिकार नाही. हे तुमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि दुसरं कुणी ते करणार नाही.

जनरल वॉर्डच्या इन्चार्जबरोबर पुढच्या २० तारखेला बसा. आलेले सगळे रजेचे अर्ज टेबलावर मांडा आणि प्रत्येकावर त्याच दिवशी हो किंवा नाही लिहायला लावा, कारणासकट. ‘वरून आलंय’ हे कारण चालणार नाही असं सांगा, आणि ते खरं व्हावं म्हणून यादी बदलायचा अधिकार लेखी तिला द्या. ऐन वेळी ऑफिसमधून फोन करून तिची ड्युटी फिरवणं तुम्ही स्वतः बंद करा. सणांची वही घाला. पहिला महिना तिच्या शेजारी बसा, दुसऱ्या महिन्यात यादी तिला एकटीला करू द्या. पहिला नकार तिला फार जड जाईल. मुलगी समोर उभी असेल, इन्चार्ज तुमच्याकडे बघेल. तेव्हा खोलीत असा, पण बोलू तिलाच द्या.